कौसाबाईच्या टाकीचं विरजण

सरकारी नोकरीत माणसाला एक हुद्दा असतो आणि एक लोकांनी ठेवलेलं नाव. माझा हुद्दा होता गोबरगॅस पर्यवेक्षक. पैठणपासून फर्दापूरपर्यंतच्या खेड्यांत मला ओळखत ते ‘शेणसाहेब’ म्हणून. एसटीतून उतरलो की पोरं ओरडायची, “शेणसाहेब आले!” मागून एखादी बाई विचारायची, “आमची टाकी कवा?” पहिल्या वर्षी राग यायचा. पुढं पुढं ज्या गावात कुणी ओरडलं नाही तिथं चुकल्यासारखं वाटायचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. जमिनीत विटांची गोल टाकी बांधायची. एका बाजूनं शेण आणि पाणी सारखं कालवून ओतायचं. आत हवा जाऊ द्यायची नाही. हवेवाचून जगणारे बारीक जंतू ते शेण खातात आणि त्यातून जळणारा वायू सुटतो. तो घुमटाखाली साचतो, नळीनं स्वयंपाकघरात जातो. दुसऱ्या बाजूनं काळी पातळ रबडी बाहेर पडते, ती शेतात घालायची. तिला वास नसतो, हे आधी कुणाला पटत नाही. मी हात बुडवून नाकाशी धरून दाखवायचो. शेणसाहेब हे नाव त्यातूनच पडलं.

मी मेंढपाळाच्या घरातला. वडील शंभरेक मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ असायचे, मी शिकावं म्हणून मला मामाकडं ठेवलेलं. नोकरी लागल्यावर त्यांना सांगितलं, शेणातून जाळ काढायचं काम आहे. ते तंबाखू मळता मळता थांबले.

“गवऱ्या थापायला सरकारनं तुला साळा शिकिवली व्हय?”

“गवऱ्या नाय दादा. शेण तसंच राहतं, जाळ वायलाच निघतो.”

“शेण बी राहतं आन् जाळ बी निघतो? मंग देवानं आजवर का नाय सांगितलं?”

माझी पहिली टाकी आमच्याच गावात, चुलत्याच्या गोठ्यामागं झाली. टाकी भरली की पहिला वायू पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. लोकांना ते ठाऊक नसतं. दोन वेळा मी काडी लावली, दोन्ही वेळा फुस्स. गाव हसलं. तिसऱ्या खेपेला शेगडीवर निळं काहीतरी हललं. उन्हात ते नीट दिसेना. चुलतीनं दार ओढून घेतलं आणि अंधारात ती निळी फुलं गोल उभी राहिली. धूर नाही, ठिणगी नाही, आवाज फक्त मांजर घुरघुरावं तेवढा. वडिलांनी पटका उतरवून हातात घेतला. देवळात उतरवतात तसा. मग हात पुढं करून ऊब पाहिली आणि विचारलं, “लेंडीवर चालंल का रं?”

लेंडी पाण्यावर तरंगते, तिच्यावर टाकी चालवणं अवघड, असं मी म्हणालो. ते खट्टू झाले. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला गवऱ्यांवरून कधी चिडवलं नाही.

पुढं मी शेकड्यानं शेगड्या पेटवल्या. तरी पहिली ज्योत दिसली की माझं बोलणं बंद व्हायचं. अजून होतं. जे आपण उकिरड्यावर टाकतो त्यात सूर्याचा एवढा अंश शिल्लक असतो, हे कागदावर कळणं वेगळं आणि हातभर अंतरावरून बघणं वेगळं.

टाकी बांधायचा करीम मिस्त्री. त्याचं नाव घेतल्याशिवाय हे लिहिणं म्हणजे बेइमानी. तो खुलताबादचा. त्याचे वाडवडील दर्ग्यांचे घुमट दुरुस्त करणारे. जमिनीवर चुन्यानं गोल आखून, मध्ये खुंटी ठोकून, दोरी फिरवत तो वीट लावायचा. आमचा घुमट खालून आधार न देता उभा करायचा असतो. वीट तिरपी लावायची, ती पडू नये म्हणून तारेच्या आकड्याला दुसरी वीट लटकवून मागं ओढून धरायची, शेजारची बसली की आकडा काढून पुढं न्यायचा. वर्तुळ पुरं झालं की सगळ्या विटा एकमेकींना अडकून राहतात. मला नकाशा यायचा, पण आकडा काढताना माझे डोळे मिटायचे. करीमभाई हसायचा.

“साब, गुंबद बोले तो क्या? एक ईंट दूसरी को गिरने नै देती. बस. इत्तीच बात है.”

आतून गिलावा झाला की आम्ही हवा भरून, वरून साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचो. एके ठिकाणी टाचणीएवढा बुडबुडा दिसला. मी म्हणालो, एवढ्याशानं काय होतंय. करीमभाईनं दिवसभराचा गिलावा खरवडून काढला आणि पुन्हा केला. मजुरी मागितली नाही. मला फक्त एवढंच म्हणाला, “हवा को छोटा रस्ता, बड़ा रस्ता, फरक नै पड़ता साब.”

त्या बुडबुड्याची खरी किंमत मला पंधरा-वीस वर्षांनी कळली. आम्ही काम करत होतो तेव्हा खात्याच्या पत्रकात दोनच गोष्टी असत: सरपण वाचेल, खत मिळेल. पुढं एका प्रशिक्षणात एका तज्ज्ञांनी फळ्यावर पृथ्वीभोवती हवेची गोधडी काढून दाखवली. लाकूड-कोळसा जाळून आपण ती जाड करत चाललोय, म्हणून ऊन वाढतंय, पावसाचं वेळापत्रक मोडतंय. आणि म्हणाले, तुमच्या टाकीतला वायू जाळला तर उत्तम. न जळता हवेत सुटला तर तो धुराच्या वायूपेक्षा कितीतरी पट ऊब धरून ठेवतो. मी मागच्या बाकावर होतो. एक तर केवढं आश्चर्य! पैठणकडच्या कडेठाण गावातल्या एखाद्या गोठ्यातलं शेण आणि साऱ्या पृथ्वीची हवा यांचा हिशेब एकाच फळ्यावर बसत होता. आणि दुसरीकडं मला आठवत होत्या आमच्या तडकलेल्या टाक्या. शेण उघड्यावर वाळलं असतं तर तो वायू फारसा झालाच नसता. आम्ही तो मुद्दाम कोंडून तयार केला आणि फुटक्या घुमटातून आभाळाला सोडला.

तडकलेल्या टाक्यांना बरीच कारणं होती. मार्चअखेरीला उद्दिष्ट पुरं करायची घाई. बांधायला अनुदान होतं, दुरुस्तीला नव्हतं. पण मोठं कारण खेड्याबाहेरचं. वाळूजकडं माळावर बघता बघता कारखाने उभे राहिले. शर्टाच्या खिशाला गेटपास लावलेली पोरं सायकलवरून, मग स्कूटरवरून जाऊ लागली. कारखाने वाईट नव्हतेच. माझ्या भावाचं घर त्यावर उभं राहिलं. पण गोठा सांभाळायला घरात माणूस उरेना. आधी बैल गेले, मग गाई. जनावर गेलं की शेण गेलं, शेण गेलं की टाकी उपाशी. एके ठिकाणी टाकीच्या तोंडावर तुळस लावलेली पाहिली. मी वहीत लिहिलं: चालू. वरून विचारणा होऊ नये म्हणून लिहिलं. असं मी एकदाच लिहिलं असं म्हणालो तर ते दुसरं खोटं होईल.

गेल्या वर्षी ऊर्जा खात्यातली एक तरुण इंजिनिअर मुलगी घरी आली. जुन्या टाक्यांपैकी कोणत्या पुन्हा सुरू होतील ते तिला बघायचं होतं. आठवडाभर तिच्याबरोबर हिंडलो. चालू सापडल्या त्या बोटावर मोजण्याएवढ्या. पण वाटेत जे दिसलं त्यानं मी गाडीच्या काचेला नाक लावून बसलो होतो. शेतातल्या विहिरींवर सौर पंप. शाळांच्या छपरावर निळ्या काचा. शहरात आवाज न करता जाणाऱ्या बस. ओल्या कचऱ्यापासून वायू करायचे मोठे कारखाने होतायत, असं ती सांगत होती. आमच्या टाकीचीच ती थोरली भावंडं. सरकार हलत नाही म्हणणाऱ्यांत मीही असायचो. हललंय. पण परत येताना तिनं गाडी एका शाळेपाशी थांबवली. छपरावरच्या काचांवर बोटभर धूळ होती आणि खालचं बटण बंद. “पुसायचं कुणी, हे ठरलेलं नाही,” शिपाई म्हणाला. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, “बाई, आमच्या वेळीही बांधणाऱ्याचा पगार ठरलेला होता, पुसणाऱ्याचा नव्हता. राहिलेलं काम आहे ते एवढंच आहे आणि तेच अवघड आहे.”

तिनं विचारलं, मग ज्या टिकल्या त्या कशानं टिकल्या? मी गाडीत तिला कौसाबाईची हकिकत सांगितली. तीच इथं लिहितो.

पैठण रस्त्याच्या आतलं एक गाव. नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा या गावातली वस्तीही पेटवली गेली. कौसाबाई नवरा आणि दोन लेकरांसह अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली ती मुकुंदवाडीला, स्टेशनाजवळ भावाच्या झोपडीत. चिकलठाण्याकडच्या कारखान्यांच्या बांधकामावर तिनं विटा वाहिल्या. मग एक म्हैस घेतली, मग दुसरी. दूध घालू लागली. तिथल्याच एका गोठ्यात तिनं गोबरगॅस पाहिला. आठेक वर्षांनी ती घरच्यांना घेऊन गावी परतली. भाऊ नको म्हणत होता. ती म्हणाली, “माझी जागा हाय ती. मी काय मेलेली नाय.”

परतल्यावर महिनाभरात ती आमच्या कार्यालयात आली. खुर्ची दिली तरी उभीच.

“तीन म्हशी हायेत. पाणी हाय. मला टाकी पाहिजे.”

त्या गावात तोवर एकही टाकी नव्हती. पहिली टाकी त्या वस्तीत होणार म्हटल्यावर गावात कुजबुज झाली, पण अर्ज आलेला तिचा एकटीचाच. करीमभाईनं बांधली. कौसाबाई स्वतः विटा भिजवायला, फेस लावायला. पेटली त्या दिवशी तिनं शेगडीसमोर हात जोडले नाहीत, हसली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही आग मुठीत राहती.”

दोन वर्षांनी गावातल्या गंगाधरअण्णांनी टाकी मागितली. मोठी शेती, आठ-दहा जनावरं, दगडी ओटा असलेलं घर. त्यांच्या सुनेला धुरानं दमा जडला होता. चुलीपाशी बसली की ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं, चूल बंद करा. टाकी झाली, भरली. पण भरली पौषात. थंडीत जंतू जागे होत नाहीत. त्यात अण्णांच्या गड्यांनी हौसेनं शिळं अन्न, गूळ, काय काय आत ओतलं. टाकी आंबली. महिना-दीड महिना झाला, वायू निघे तो पेटेना. सून अजून चुलीपाशीच.

आंबलेल्या टाकीला उपाय दोन. सगळी उपसून पुन्हा भरायची, नाहीतर चालत्या टाकीतली रबडी आणून आत घालायची. दुधाला विरजण लावतात तसं. त्या टाकीतले जंतू या टाकीत संसार मांडतात.

मी अण्णांना म्हणालो, “विरजण पाहिजे.”

“कुठं मिळंल?”

“गावातच हाय. कौसाबाईकडं.”

अण्णांची म्हातारी आई, जिला सगळे जिजी म्हणत, ती आतून बोलली, “दुसरीकडून आणा.”

आता खरं सांगतो. दुसरी चालू टाकी वीसेक मैलांवर होती आणि धडपड केली असती तर तिथून रबडी आणता आली असती. मी ते बोललो नाही. का, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मेंढपाळाचं पोर म्हणून मीही अशा ओट्यांखाली उभा राहिलेलो होतो, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गडी पाठवला, दोन डबे घेऊन. कौसाबाईनं तो परत पाठवला. मग मी गेलो. ती म्हशीला पाणी दाखवत होती.

“बाई, एक आजारी पोरगी हाय त्या घरात,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय. चांगली हाय पोरगी. ती लगीन हून आली तवा हे सगळं होऊन गेलेलं व्हतं. तिचा दोष नाय.” तिनं बादली खाली ठेवली. “रबडी द्यायला मी नाय म्हणत नाय साहेब. पर गड्याला देनार नाय. ज्याचं घर हाय त्यानं यावं. आपल्या हातानं काढून न्यावं.”

तिची अट मी अण्णांच्या कानावर घातली आणि मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या प्रहरी बैलगाडी वस्तीच्या तोंडाशी आली. अण्णा स्वतः हाकत होते, मागं दोन पिंपं. वस्तीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. अण्णा उतरले, कौसाबाईच्या अंगणाच्या कडेला थांबले. धोतराचा सोगा हातात धरलेला.

“बाई,” ते म्हणाले. यापूर्वी ते तिला ‘कौसे’ म्हणत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “तुमचं घर मी पेटवलं नव्हतं.”

“व्हय,” कौसाबाई म्हणाली. “तुम्ही नव्हतं. तुम्ही ओट्यावर उभे व्हते. मी लेकरं घिऊन तुमच्या म्होरून गेले. तुम्ही बघितलं.”

मी माझ्याबरोबर आलेल्या करीमभाईकडं पाहिलं. तो खाली जमिनीकडं बघत होता. “बघितलं,” अण्णा म्हणाले. “खाली उतरलो नाय.”

“मंग आता उतरा,” तिनं टाकीच्या मागं रबडी साचते त्या खड्ड्याकडं बोट केलं. “पायरी हाय तिथं. हळू. निसरडं हाय.”

साठीचा माणूस, धोतर खोचून त्या खड्ड्यात उतरला. बादली बुडवून वर देत होता, मी आणि करीमभाई पिंपात ओतत होतो. काळी दाट रबडी, किंचित कोमट. कोपरापर्यंत हात भरले. कौसाबाई वरून बघत होती, मध्येच म्हणाली, “वरची नगा घेऊ. तळाची घ्या, ती जिवंत असती.” दोन्ही पिंपं भरेपर्यंत ती हलली नाही. अण्णा वर यायला लागले तेव्हा पाय सरकला. तिनं पटकन हात दिला. दोघांनाही ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण वर आल्यावर दोघंही आपापल्या हाताकडं बघत राहिले.

विरजण लागलं. टाकीवर कडबा टाकून ऊब धरली. दहाव्या-बाराव्या दिवशी निरोप आला, वायूचा वास बदललाय. मी गेलो. जिजी चुलीपाशी पाटावर बसली होती, अण्णा आणि सून बाजूला उभे होते. म्हणाली, “साहेब, थांबा. पेटवायला तिला बोलवा.”

कौसाबाई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. स्वच्छ पांढरं लुगडं नेसून, सरळ. ओट्याच्या पायऱ्या चढली, सोपा ओलांडला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. त्या घराच्या उंबऱ्याआत तिच्या वस्तीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. जिजी म्हणाली, “आत ये बाई. बाहेरून कशी पेटंल?”

ती आत आली. जिजीनं आगपेटी पुढं केली. कौसाबाईनं ती घेतली आणि नुसती हातात धरून राहिली. त्या खोलीत आम्ही पाच माणसं होतो, आणि आगपेटी म्हणजे काय हे पाचही जणांना कळत होतं. सुनेचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग कौसाबाईनं चावी अर्धी फिरवली, कान देऊन ऐकलं, काडी ओढली.

निळी फुलं गोल उभी राहिली. त्यांच्या उजेडात धुरानं काळ्या झालेल्या भिंती निळसर दिसल्या. सून तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मी इतक्या वर्षांत इतक्या शेगड्या पेटलेल्या पाहिल्या, पण तिथं मला वडिलांसारखं काहीतरी डोक्यावरून उतरवून हातात घ्यावंसं वाटलं. माझ्या डोक्यावर काही नव्हतं.

जिजीनं त्याच जाळावर चहा ठेवला. फळीवरचे सारख्या नक्षीचे कप काढले; एक मला, एक कौसाबाईला. कौसाबाईनं आपला कप पाहिला, मग माझा पाहिला आणि चहा प्याली. कप तिनं विसळायला घेतला नाही. खाली ठेवला आणि उठली.

पुढं त्या गावात नऊ-दहा टाक्या झाल्या आणि प्रत्येक टाकीला पहिलं विरजण कौसाबाईच्या टाकीतलं गेलं. कुणाची बंद पडली तर तीच जाऊन बघायची, रागावायची, “दोन दिस शेण नाय घातलं, मंग कशी चालंल?” खात्याच्या तक्त्यात टाक्यांचा रकाना होता, असं माणूस लिहायला रकाना नव्हता. मी शेऱ्यात तिचं नाव लिहिलं होतं. वरून कुणीतरी ते खोडून ‘समाधानकारक’ असं लिहिलं.

अण्णांची शेगडी पेटली त्या दिवशी मी तिला वस्तीपर्यंत सोडायला निघालो. मोटारसायकल हातानं ढकलत तिच्याबरोबर चालत होतो. माझं मन भरून आलं होतं. मी काहीतरी मोठं बोललो, माणसं बदलतात अशा अर्थाचं.

“चहा चांगला व्हता साहेब,” ती म्हणाली. “पर माझ्या घराची तुळई सागाची व्हती. सासऱ्यानं तीन वर्सं राबून आणली व्हती.”

एवढं बोलून ती झपाझप पुढं गेली. म्हशींची धार काढायची वेळ झाली होती.